ठेका आणि नाम

माघ लागला की मेहकर-खामगाव रस्त्यावर पहाटेच टाळांचा आवाज येऊ लागतो. वद्य सप्तमीला शेगावी गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. त्यासाठी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून आणि शेजारच्या अकोला, वाशीम, जालना जिल्ह्यांतून गावोगावच्या दिंड्या पायी निघतात. चैत्रात रामनवमीला पुन्हा तेच. मोटारीतून जाणाऱ्याला पताका आणि पांढरे कपडे दिसतात, आणि हा वयस्कर माणसांचा नेम आहे असं समजून तो पुढे जातो. आमच्या दिंडीतले टाळकरी पाहिले तर त्यांतले बरेचसे अकरावी-बारावीचे, आयटीआयचे, नुकते शेतीला लागलेले किंवा पोलीस भरतीची तयारी करणारे आहेत. कित्येकांना मिशीही धड फुटलेली नाही.

या मुलांना मी पुष्कळ वर्षं टाळ आणि मृदंग शिकवतो आहे. त्याआधी तरुणपणी शेगावच्या पालखीत टाळकरी म्हणून पंढरपूरपर्यंत चाललो. तरी एका पोराने जानेफळच्या पुढे चालता चालता जे विचारलं, त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. तो म्हणाला, "काका, आपण देवाचं नाव घेतो का ठेका सांभाळतो? मले तर दोन्ही एकदम जमत नाही."

प्रश्न प्रामाणिक होता. त्याच्या हातात टाळ होते, पायात पावली होती, डोळा मृदंगवाल्याच्या हातावर होता आणि तोंडी गजर चालू होता. एवढं सगळं सांभाळताना मनात पांडुरंग कुठून यावा? वाजवणं हीच पूजा, असं आपण मोठी माणसं सहज बोलून जातो. ज्याच्या हाताला टाळाची दोरी घासून फोड आले आहेत, त्याला ते तेवढं सहज पटत नाही. पटू नयेही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर चालतो आहे.

आधी ठेक्याबद्दल सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं टाळ काय, कोणीही वाजवील. मुलगा पहिल्यांदा टाळ हातात घेतो तेव्हा तो जोरात आपटतो. आवाज मोठा म्हणजे भक्ती मोठी, असं त्याला वाटतं. पहिले कित्येक दिवस त्याला एवढंच शिकवायचं असतं की आपला टाळ वेगळा ऐकू येता कामा नये. शेजारच्याच्या आवाजात तो मिसळला, दोन्हींचा एकच आवाज झाला, म्हणजे जमलं. मग भजनी ठेका, मग धुमाळी, मग दुगण. मग उभ्याने, मग पावली टाकत, मग डांबरी रस्त्यावर उन्हात. मृदंगाचं आणखी निराळं. डाव्या पुडीला दर वेळी ताजी कणीक मळून लावायची, वाजवून झाल्यावर खरवडून काढायची. उन्हात पुडी चढते, पावसाळी हवेत उतरते. वाटेवर थांबून गट्टे ठोकत सूर जुळवायचा. मृदंग गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल चालणाऱ्या पोराची मान आणि पाठ रात्री चोळून द्यावी लागते.

सुरुवातीचा एक-दोन दिवसांचा रस्ता पायांचा असतो. मन टाचेत असतं, पोटरीत असतं, पुढच्या चहाच्या मुक्कामात असतं. त्यानंतर केव्हा तरी एक बदल होतो, आणि जो चालला आहे त्यालाच तो कळतो. ठेका आपोआप चालू लागतो. हाताला सांगावं लागत नाही, पायाला सांगावं लागत नाही, शेजारी चुकला तर हात त्याला न विचारता सावरून घेतो. मन मोकळं होतं. आता या मोकळ्या मनाचं काय करायचं, इथे खरी साधना सुरू होते. कारण ते मोकळं मन लगेच पांडुरंगाकडे जात नाही. ते सोयाबीनच्या भावाकडे जातं, बापाच्या पीककर्जाकडे जातं, परीक्षेकडे, एखाद्या मुलीकडे, घरी आजारी असलेल्या आजीकडे जातं. त्याला तिथून उचलून पुन्हा नामावर आणायचं, ते पुन्हा जातं, पुन्हा आणायचं. मी त्या पोराला शेवटी एवढंच म्हणालो की आधी ठेका पक्का कर, नामाला जागा त्यानंतर होईल. उत्तर अपुरं होतं हे मला तेव्हाच ठाऊक होतं, पण रस्त्यावर चालताना एवढंच देता आलं.

शेगावच्या पालखीची शिस्त पाहिलेल्या माणसाला ठेका पक्का करणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ही पायी वारी १९६८ साली सुरू झाली. गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ला, समाधिस्थ झाले १९१०च्या ऋषिपंचमीला, आणि संस्थानाची स्थापना त्यांच्या हयातीतच, १९०८मध्ये झाली. त्या मानाने पालखी अलीकडची. पण तिने आपली एक रीत घडवली. अडीचशेच्या आसपास पताकाधारी, तेवढेच टाळकरी, दोनशेच्या घरात सेवेकरी. सगळे पांढऱ्या पोशाखात, ओळीत, एका पावलाने. सातशेहून अधिक किलोमीटरचं अंतर महिनाभरात चालून पालखी पंढरपूरला पोहोचते, आषाढी करून दुसऱ्या वाटेने तीन आठवड्यांत परतते. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं पायी वारी झाली नाही, तेव्हा आमच्याकडच्या कित्येक घरांत आषाढ आल्यासारखाच वाटला नाही.

पालखीची वाट मुलांना मी नकाशावर दाखवतो. अकोला, पातूर, रिसोड, मग नामदेवांची नरसी. औंढ्याला नागनाथ. परभणीवरून गंगाखेड, म्हणजे जनाबाईंचं गाव. परळीला वैद्यनाथ. अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत. तुळजापूरला भवानी. सोलापूर ओलांडून मंगळवेढा, तिथे चोखोबा, दामाजीपंत, कान्होपात्रा. त्यानंतर पंढरपूर. परतताना बीड, जालना करत जिजाऊंच्या सिंदखेड राजाला आपल्या जिल्ह्यात पाऊल ठेवायचं, मग लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव. खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात लाखभर माणसं सोबत चालतात, रस्ता दिसत नाही. या वाटेवर शैव-वैष्णव, देवी-दत्त सगळे येतात. वाशीम जिल्ह्यात जैनांचं शिरपूर लागतं. वाजवणारी मुलं एका तालात हे सगळे उंबरे ओलांडतात. नरसीत, गंगाखेडात, मंगळवेढ्यात ज्यांचे अभंग आपण म्हणतो त्यांचंच गाव पायाखाली आहे हे कळल्यावर सतरा वर्षांच्या टाळकऱ्याचा आवाज बदलतो. हे मी स्वतः अनुभवलं आहे. जनाबाईचा अभंग मला पाठ होता, पण गंगाखेडला गोदावरीच्या काठी तो म्हणताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ही कोणी तरी खरीखुरी बाई होती, तिने खरोखर दळलं होतं.

जगात इतरत्र तरुण मुलं वाजवत चालतात तेव्हा श्रद्धेचं काय होतं, हेही मी उत्सुकतेने वाचत आलो. १८७८ साली, म्हणजे महाराज शेगावात दिसले त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावात चार्ल्स फ्राय नावाचा बांधकाम करणारा गृहस्थ आणि त्याचे तीन मुलगे पितळी वाद्यं घेऊन बाजारात उभे राहिले. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेच्या उपदेशकांवर तिथले गुंड धावून जात. त्यांना आवरायला आणि लोकांना थांबवायला हे बापलेक वाजवू लागले, आणि तोच त्या संघटनेचा पहिला बँड ठरला. १८८२ साली याच संघटनेचे फ्रेडरिक टकर आणि त्यांचे सोबती मुंबईला उतरले, देशी पोशाख घालून वाजवत-गात रस्त्याने निघाले आणि त्याबद्दल इंग्रज सरकारनेच त्यांना अटक केली. या संघटनेत पुढे नियम झाला की बँडमध्ये वाजवणारा आधी श्रद्धावान सभासद हवा, बाहेरचा नुसता वादक चालणार नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. तिथे ढोल आणि पितळी बिगुलांची तरुणांची पथकं एके काळी मोठ्या प्रमाणावर चर्चच्या आश्रयाने उभी राहिली. नेवार्क शहरातल्या ब्लेस्ड सॅक्रामेंट चर्चचं पथक त्यांतलं नावाजलेलं. १९७२पासून या पथकांच्या मोठ्या स्पर्धा एका संघटनेखाली होऊ लागल्या आणि हळूहळू पथकं चर्चपासून सुटी झाली. आज बावीस वर्षांच्या आतली मुलं-मुली उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, दिवसभर तालीम करतात, संध्याकाळी मैदानावर वाजवतात आणि शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात. त्यांतल्या एखाद्या श्रद्धाळू मुलापुढे प्रश्न असा पडतो की रविवारी चर्चला जायचं कसं, उपास पाळायचा कसा, सगळ्यांच्या गर्दीत प्रार्थनेला कोपरा कुठे शोधायचा. त्याचं संगीत एकीकडे, त्याचा देव दुसरीकडे, आणि मधला रस्ता त्याला स्वतः काढावा लागतो.

हे वाचून मला माझ्या मुलांची वेगळीच काळजी वाटू लागली. आमची मुलंही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंजीवर झोपतात, तीही दिवसभर वाजवतात. पण त्यांना देव शोधायला कुठे जावं लागत नाही. पहाटे काकडा, वाटेत भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. तो तिकडचा मुलगा गर्दीतून दहा मिनिटं काढून, सोबत्यांच्या नजरा सोसून प्रार्थनेला बसतो, तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं की हे मी करतो आहे आणि मला हे हवं आहे. माझा टाळकरी रोज दहा तास देवाच्या नावात असतो, आणि ते नाव त्याला हवं आहे की नाही हे त्याने स्वतःला एकदाही विचारलेलं नसतं. श्रद्धा त्याला जेवणाच्या पंगतीसारखी वाढून मिळते. भूक आहे का, हे कोणी विचारत नाही.

म्हणून काही वर्षांपासून आम्ही एक गोष्ट सुरू केली. दुपारचं जेवण आणि विसावा झाल्यावर, पुन्हा रांगा लावण्याआधी अर्धा तास कोणी वाजवायचं नाही, गायचं नाही, बोलायचं नाही. टाळ सतरंजीवर एका बाजूला. ज्याला जप करायचा त्याने करावा, ज्याला डोळे मिटून पडायचं त्याने पडावं, ज्याला झाडाखाली नुसतं बसायचं त्याने बसावं. सक्ती एकच, मोबाईल पिशवीत. गावातल्या काही जुन्या माळकऱ्यांना हे आवडलं नाही. दिंडीत नाम थांबवता कसं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांच्या जागी बरोबर होतं. वीणा थांबत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीवर टेकत नाही. आमच्या त्या अर्ध्या तासातही वीणेकरी उभाच असतो, तार हलकेच छेडत असतो. त्यामुळे नाम बंद पडलं असं मी मानत नाही. पण टाळांचा गजर बंद झाल्यावर कानांत जो पोकळपणा येतो त्यात मुलं पहिल्यांदा एकटी पडतात. काहींना तो वेळ नको होतो. एक मुलगा रडला. एकाने मला नंतर येऊन सांगितलं की मी देव मानत नाही, मला मृदंग आवडतो म्हणून येतो, हे आजच मला नीट कळलं. त्याला मी म्हटलं, मृदंग वाजव. तो आजही येतो. साल्व्हेशन आर्मीचा नियम माझ्या हाती असता तर मला तो पोरगा घालवावा लागला असता. आपल्याकडे कीर्तनाला कोण बसतो आणि का बसतो हे कोणी विचारत नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

उपासाबद्दल बाहेरून गैरसमज फार. एकादशी मुक्कामावर आली की मुलांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची उसळ मिळते, आणि वीस किलोमीटर चालून आलेल्या सोळा वर्षांच्या पोटाला ती पुरत नाही. मी कोणालाही उपास कर म्हणत नाही. दहावीतल्या मुलांना तर करू नको म्हणतो. तरी बहुतेक करतात, एकमेकांकडे बघून करतात, आणि दुपारी चेहरे उतरलेले असतात. उपास कशासाठी हे त्यांना एका वेगळ्याच माणसाकडून कळलं.

२०२३ साली रामनवमी ३० मार्चला आली. रमजान सुरू होऊन आठवडाच झाला होता. शेगावात शिरताना वाजवायला शेजारच्या गावातला एक तासेवाला तरुण खामगावपासून आमच्याबरोबर चालत होता. आमच्या भागात हे काही नवं नाही. सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमाराला यात्रा भरते, संदल निघतो, त्यात हिंदू माणसंही तेवढ्याच श्रद्धेने जातात, आणि एकच तासा तिथेही वाजतो, लग्नातही वाजतो, रामनवमीलाही वाजतो. त्या दिवशी आमची मुलं रामनवमीच्या उपासाला होती आणि तो रोज्याला. ऊन चटके देत होतं. मुलं दर थांब्यावर पाणी पीत होती, केळी खात होती. कोणी तरी त्याच्यापुढे बाटली धरली, त्याने हसून मान हलवली. ते दुपारभर चाललं. दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी तो रस्त्याच्या कडेला गेला, गमछा पसरला, नमाज पढून धावत येऊन रांगेत सामील झाला. तासा तेवढा वेळ आमच्या एका मुलाने गळ्यात धरून ठेवला होता, वाजवला नाही.

संध्याकाळी शेगावच्या अलीकडे आम्ही थांबलो. हरिपाठाची वेळ आणि सूर्यास्ताची वेळ जवळजवळ एकच. मी हरिपाठ सुरू करणार तेवढ्यात आमच्यातला एक, कधी न बोलणारा पोरगा म्हणाला, "काका, जरा थांबा ना. त्याचं सुटू द्या अगोदर." आम्ही थांबलो. त्याने खिशातली खजूर काढली, पाणी प्याला, मग नमाज झाला, मग आमचा हरिपाठ झाला, आणि तो तेवढा वेळ मागे बसून होता. या सगळ्यात कोणी भाषण केलं नाही आणि फोटोही काढला नाही. पण पाणी समोर असून न पिणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांनी त्या दिवशी पाहिलं. पुढच्या एकादशीला त्यांतल्या दोघा-तिघांनी निर्जळ राहायचं ठरवलं, तेव्हा मात्र मी त्यांना रागावलो. चालताना निर्जळ राहणं धोक्याचं असतं. तो तरुण जे करत होता ते त्याच्या धर्माचं बंधन होतं, आणि त्याच्या अंगाला लहानपणापासून त्याची सवय होती.

श्रद्धेची खरी परीक्षा मात्र मला गजरात किंवा उपासात दिसत नाही. ती पंगतीत दिसते. चोखोबांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजा इथे झाला असं परंपरा सांगते. आमच्या मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात. एवढा मोठा संत आपल्या जिल्ह्यातला! मग पुढचं सांगावं लागतं. तो आयुष्यभर विठ्ठलाच्या दाराबाहेर उभा राहिला, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेला, आणि त्याची समाधी आजही पंढरपूरला नामदेव पायरीजवळ, मंदिराच्या बाहेर आहे. ज्यांच्यासाठी तो बाहेर उभा होता त्यांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि तेही साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस प्राण पणाला लावल्यावर. त्याचे अभंग टाळ-मृदंगाच्या गजरात म्हणणारी रांग त्याच वेळी त्याच्या लेकरांना दूर ठेवत होती, ही गोष्ट मी मुलांपासून लपवत नाही. लपवली तर त्यांचं नाम घेणं पोकळ राहील.

एका मुक्कामी, गावाचं नाव सांगत नाही, आमच्यातल्या दोन मुलांना पाणी वेगळ्या गडव्यात दिलं गेलं. वाढणाऱ्या बाईंनी कदाचित सवयीनेच केलं असेल. मुलं काही बोलली नाहीत, मान खाली घालून बसली. पंगतीत एकदम शांतता झाली. आमचे वीणेकरी बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, शाळा चौथीपर्यंतची. वीणा गळ्यात असल्याने ते पंगतीत बसले नव्हते. ते चालत आले, वाकून तो गडवा उचलला, त्यातलं पाणी प्याले आणि शेजारच्याला दिला. तो प्याला, त्याने पुढे दिला. गडवा रिकामा झाला की बाबा म्हणत, "भरा माय." तो सगळ्या पंगतीतून फिरला. शेवटी तो त्या बाईंच्याच हातात परत गेला, आणि त्यांनी तो डोळ्यांना लावला. त्यानंतर त्या गावात तसं पुन्हा झालं नाही. मला पुष्कळ कीर्तनकार ऐकायला मिळाले, विद्वान माणसंही ऐकली. पण वारकरी कोणाला म्हणावं हे मला विचारलं तर मी त्या बाबांचं नाव घेईन. ते आता नाहीत.

दिंडीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. वीणा देताना-घेताना, अभंग संपताना, सकाळी निघताना. वयाचा हिशेब नाही, जातीचा नाही. पहिल्यांदा आलेल्या मुलाला सर्वांत अवघड जातं ते हे. टाळ सरावाने जमतो, पण आपल्याहून लहान पोराच्या पायाला हात लावताना कंबर वाकत नाही. आणि कोणी मोठा माणूस आपल्या पाया पडला तर तो पळून जातो. त्याला पळू द्यायचं नाही. उभं राहून ते स्वीकारणंही शिकावं लागतं, आणि लगेच आपणही वाकायचं. पायी चालणारं दुसरं कुठलंही पथक हे करत असेल असं मला वाटत नाही. टाळ-मृदंगाचा ताल आणि हे वाकणं, दोन्ही मिळून दिंडी होते. यांतलं एक काढलं तर उरेल ती मिरवणूक.

मिरवणूक होण्याचा धोका आज मोठा आहे, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. रस्त्यात माणसं थांबून चित्रण करतात. पावली छान पडली की मुलांच्या लक्षात येतं की समोर मोबाईल आहे, आणि पावली आणखी उंच उडते, मृदंगावरचा हात आणखी वेगाने फिरतो. वय असं आहे, मी त्यांना दोष देत नाही. ढोल-ताशा पथकात तेच तर हवं असतं, तिथे समोर प्रेक्षक असतो. इथे समोर कोणी नाही. पालखी मागे, रस्ता पुढे. मृदंग वाजवणारी जुनी माणसं सांगत की चांगला वाजवणारा कीर्तनकाराच्या शब्दावर हात टेकवतो, शब्द झाकत नाही. मोठा मोहरा वाजवून टाळ्या मिळवणाऱ्या मुलाला मी रागावत नाही, त्याला दोन दिवस पताका देतो. पताका घेऊन चालताना काहीच वाजवायचं नसतं, फक्त ती सरळ धरायची असते. काही मुलं म्हणतात, हे शिक्षा म्हणून देता. खरं सांगायचं तर मला स्वतःला पताका घेऊन चालण्याचे दिवस सर्वांत आवडले. हात गुंतलेला आणि मन मोकळं.

गेल्या काही वर्षांत आमच्या शिकवणीला मुली येऊ लागल्या. वारीत बाया पूर्वीपासून आहेत, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन शेकडो कोस चालल्या आहेत, पण टाळ-मृदंग बहुधा पुरुषांच्या हातात. जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई, कान्होपात्रा यांचे अभंग पुरुषांनी गायचे आणि बायांनी मागे चालायचं, ही रीत मला कधी पटली नाही. आमच्याकडे मृदंगावर सर्वांत पक्का हात सध्या एका मुलीचा आहे. बारावीला आहे, वडील ट्रॅक्टर चालवतात. तिने मागच्या वर्षी विचारलं, "काका, मृदंग देता तर वीणा का नाही देत?"

तिच्या प्रश्नावर आमच्या मंडळात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. दोन ज्येष्ठ माणसं म्हणाली, आमच्या हयातीत नको. त्यांतल्या एकांनी मला मृदंग शिकवला आहे, त्यांचं मन मोडणं मला सोपं नाही. दुसऱ्या बाजूला तो गडवा मला आठवत होता. मासिक पाळीचं काय, असंही एकाने विचारलं, तेव्हा एका मुलीनेच सांगितलं की तेव्हा चालायचं की घरी राहायचं, वीणा घ्यायची की नाही, ते आमचं आम्ही ठरवू, मंडळाने त्यात पडू नये. सगळे गप्प झाले, कारण त्यावर बोलण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं. बराच खल होऊन असं ठरलं की यंदाच्या प्रकटदिनाला शिर्ला नेमाने हे गाव सोडल्यावर दुपारपर्यंत वीणा तिच्याकडे राहील, आणि ती पुढे कोणाला द्यायची ते तिने ठरवायचं. ज्यांनी मला मृदंग शिकवला ते त्या दिवशी दिंडीत येणार नाहीत असं म्हणाले आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. पुन्हा जाणार आहे.